अमावास्येचा माग

नागपूर, ११ जुलै १९५४

ती. जाऊबाई,

पायांवर डोकं ठेवून लिहायला बसले आहे. काल संध्याकाळी सुखरूप पोचले. धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्यात आमचे वर्ग भरतात आणि मागच्या कौलारू चाळीत आम्हा मुलींच्या खोल्या आहेत. मुली म्हणायचं एवढंच. निम्म्या माझ्यासारख्या विधवा, काही टाकलेल्या, दोघी-तिघी कुमारिका. मुख्य बाईंचं नाव यमुताई. नऊवारी नेसतात, चष्मा लावतात आणि कुणी पुटपुटत बोललं की म्हणतात, "पुन्हा सांग, मला नाही, भिंतीला ऐकू येईल असं सांग."

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमचं शिक्षण चालेल. लेकरांचं संगोपन, आरोग्य, शिवण, बालवाडी आणि घरभेटी. मग खेड्यातल्या कल्याण-केंद्रावर सेविका म्हणून नेमणूक मिळेल. पगार आणि राहायला एक खोली. त्या खोलीत कुसू माझ्याजवळ असेल, या एका गोष्टीवर मी इथे आले आहे. वसतिगृहात लेकरू ठेवायची परवानगी असती तर तिला तुमच्याकडे सोडलं नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

'हे' गेले तेव्हा गिरणीची खोली सुटली आणि मी कुसूला घेऊन उमरेडला तुमच्या दारात आले. तेव्हा रुपराव भाऊजी म्हणाले होते, "शीक वं पुष्पा. पोट्टीले आम्ही पाहतो." धाकट्या भावाच्या बायकोला असं म्हणणारे जेठ आपल्या कोष्टी विणकरांत किती असतील? मी त्यांचं नाव राखीन.

स्टेशनवर कुसू रडली नाही. तुमच्या गळ्यातली पोत ओढत बसली होती. रडली असती तर मी गाडीत चढले नसते.

तुमची
पुष्पलता


उमरेड, २४ जुलै १९५४

चि. पुष्पा, सुखात राहा.

पत्र पोचलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण बाप शाळेत चपराशी होता म्हणून चौथीपर्यंत बसले. वाचता येईल तेवढं वाच.

कुसू बरी आहे. आता भिंत धरून चालते. वरणभाताला तोंड फिरवते, भाकरी दिली की ओरबाडते. दुपारी तिची झोळी मागाजवळच टांगते. एक पाय झोळीच्या दोरीला, हात चरख्याला, अशा धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसते. इकडे हे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. परवा कुरकुरत होते, "हे पोट्टी मले मागावरून उठू देऊन नाही राहिली. जरा पाणी प्याले उठलो का रडते." मी म्हटलं, बरं झालं, मी वीस वर्षं सांगून जे झालं नाही ते तिनं केलं. लुगडी आता वेळेवर निघतात.

ती मला माय म्हणते. मी 'मोठमाय' म्हण असं शिकवते, पण तिच्या तोंडात तेवढा मोठा घास बसत नाही. तू मनाला लावून घेऊ नको.

तुझ्या यमुताईंना विचार, दात येताना लेकरू पाटाची कड चावतं, ते चालतं का. आमच्या पोटी तीन झाले अन् एकाचेही दात आम्ही पाहिले नाहीत. म्हणून विचारते.

रंभाबाई


नागपूर, १८ ऑगस्ट १९५४

ती. जाऊबाई,

पाट स्वच्छ धुतलेला असेल तर चावू द्या, असं यमुताई म्हणाल्या. पाणी उकळून गार करून द्या. वरणात भाजीचं पाणी घाला. तुम्ही हसाल, कालची पोर मला शिकवते म्हणून. पण वर्गात लेकरांविषयी काही सांगितलं की माझ्या डोळ्यांपुढे दुसरं लेकरूच येत नाही.

भाऊजींचा तिला लळा लागला हे वाचून फार बरं वाटलं. त्यांनी मागावरून उठलेलं तिला चालत नाही म्हणजे बघा! बापाची जागा कुणीतरी भरली.

आता आम्हाला घरभेटीला नेतात. परवा आमच्यातलीच एक मुलगी एका घरात शिरली आणि चुलीवर काय आहे ते आधी बघायला लागली. यमुताईंनी तिला बाहेर बोलावून सांगितलं, "आधी बस. तुला बसायला कोण सांगतं, कुठे सांगतं, ते बघ." लेकरांविषयी बोलताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी मनात जपून ठेवली आहे. लेकरू कुणाचं हे लोकांना विचारू नका, दमलेलं लेकरू कुणाच्या खांद्यावर झोपतं ते पाहा.

पोळ्याला एक रात्र राहायची सुटी मिळाली आहे. सकाळच्या छोट्या गाडीनं येते. दुसऱ्या दिवशीच्या, लेकरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी कुसूला इतवारीतून लाकडी बैल घेतला आहे, शिंगं लाल रंगवलेला. तिला दाखवू नका, मीच देईन.

तुमची
पुष्पलता


नागपूर, ३१ ऑगस्ट १९५४

ती. जाऊबाई,

गाडीत बसल्यावर रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते कुही स्टेशन येईपर्यंत पाळलं.

तुमच्यावर माझा राग नाही, हे आधी लिहून टाकते. तुम्ही माझ्या लेकराला फुलासारखं ठेवलं आहे. पण त्या दिवशी जे डोळ्यांनी पाहिलं ते मी शिकते आहे त्या शिक्षणामुळे मला नाकारता येत नाही. सकाळी तिला घेतलं तेव्हा ती गंमत म्हणून आली. दुपारी झोपायची वेळ झाली तशी किरकिरायला लागली. झोळीत घातलं, रडली. खांद्यावर घेतलं, रडली. ओसरीवर फेऱ्या घातल्या, अंगाई म्हटली, पाठ थोपटून थोपटून माझा हात भरून आला. सगळा गाव बैल सजवण्यात दंग आणि आपल्या घरातून फक्त तिच्या रडण्याचा आवाज. शेजारची मैनाबाई कुंपणावरून म्हणाली, "काहून वं, मायलेच ओळखून नाही राहिली का?" दिवेलागणीला तुम्ही चुलीपुढून उठून आलात, तिला घेतलंत, आणि ती 'माय' म्हणून तुमच्या मानेत तोंड खुपसून झोपली. लाकडी बैल तसाच पिशवीत राहिला. तो मी कोनाड्यात ठेवून आले आहे.

जाऊबाई, मी गेले काही दिवस याच गोष्टीचा विचार करते आहे. वर्गात दुसऱ्याच्या लेकराबद्दल जे खरं मानायचं ते स्वतःच्या लेकराबद्दल नाकारायचं, हे कसलं शिक्षण? आधी बाप गेला, मग मी गेले. आता तिला एक खांदा सापडला आहे. तोही मी काढून घेतला तर मी सेविका कसली?

कुसूला तुमच्याकडेच ठेवा. तुमची म्हणून वाढवा. मी विचारपूर्वक लिहिते आहे. मी येत जाईन, पाहुणी म्हणून.

पुष्पलता


उमरेड, १६ सप्टेंबर १९५४

चि. पुष्पा,

पत्र वाचलं. यांना वाचून दाखवलं नाही. पुष्पा म्हणते कुसू इथेच राहू दे, एवढंच सांगितलं. हे मागावर जाऊन बसले.

तू शिकलेली, तुझं तू जाणतेस. मी काय सांगणार. पोरीला काही कमी पडू देणार नाही. तिला चांदीचे वाळे केले आहेत.

बाकी सर्व ठीक.

रंभाबाई


नागपूर, १२ डिसेंबर १९५४

ती. जाऊबाई,

तुमचं मधे पत्र नाही. माझंही नाही, म्हणून तक्रार करत नाही.

सहामाही परीक्षेत मी पहिली आले. यमुताईंनी बोलावून विचारलं, "तुझं लेकरू आहे ना? लेकुरवाळ्यांना आपण जवळची केंद्रं मागून घेतो. तुला कुही मिळू शकेल." मी सांगितलं, मला कुणी नाही. जिथे दुसरं कुणी जायला तयार नसेल तिथे पाठवा. चांदा भागात, जंगलाच्या कडेला एक केंद्र निघतं आहे. बहुधा तेच मिळेल. तिथून उमरेडला वर्षातून एकदा येणं झालं तरी पुष्कळ.

बालवाडीत दुपारी लेकरांना झोपवायचं काम माझ्याकडे आहे. मला चांगलं जमतं असं सगळ्या म्हणतात. विणकरांची, हमालांची, कुणाकुणाची लेकरं माझ्या मांडीवर झोपतात. कधी कधी एखाद्याच्या केसांतून हात फिरवता फिरवता मला वाटतं की उठून स्टेशनवर जावं. मग मी दुसरं लेकरू मांडीवर घेते.

कुसूसाठी लोकरीचं टोपडं विणलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवीन. संक्रांतीला येत नाही.

पुष्पलता


उमरेड, १७ जानेवारी १९५५

पुष्पा,

टोपडं पोचलं. तिला घट्ट होतं. दोन बोटं वाढवून विणायला हवं होतं, पण तू तिला पाहिलंच कुठे.

चांद्याचं तुझ्या यमुताईंना पक्कं सांगू नको. आधी इथे ये. कारण कागदावर लिहीत नाही, लिहून तुला पटायचंही नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला, येऊन बघ.

ही अमावास्या होऊन जाऊ दे, मग ये. माग चालू असेल अशा दिवशी ये, आणि दुपारी ये.

येशील तेव्हा विणकामाच्या सुया आण.

रंभाबाई


नागपूर, २८ जानेवारी १९५५

ती. जाऊबाई,

परवा सव्वीस जानेवारीची सुटी होती म्हणून आले आणि त्याच दिवशी परतले. तुमच्याशी धड बोलले नाही, पाया पडायचंही राहिलं. तेव्हापासून तीच दुपार डोळ्यांपुढे आहे. तुम्ही तिथेच होतात, तरी मला ती लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी आले तेव्हा भाऊजी मागावर होते. तुम्ही "जेवली का?" एवढं विचारलंत आणि कुसूला उचलून माझ्या मांडीवर दिलंत. ती आधी अवघडली, मग माझ्या पदराचं टोक तोंडात घातलं. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि मधे फणीचा ठोका. मी अंगाई म्हटली नाही, थोपटलं नाही. ती झोपली. माझ्या मांडीवर, तोंड उघडं टाकून.

मग तुम्ही तिला अलगद घेऊन स्वतःच्या खांद्यावर टाकलंत आणि म्हणालात, "माग थांबवा जी."

"काहून? आज का अमावास्या आहे?"

"थांबवा म्हटलं ना."

भाऊजींनी धोटा हातात धरला. घर एकदम गप्प झालं. कुसूनं डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. तुम्ही फेऱ्या घातल्या, थोपटलं, तीच अंगाई म्हटली जी मी पोळ्याला म्हटली होती. ती थांबेना. तुमच्या खांद्यावर, जाऊबाई, तुमच्या!

"पाह्यलं का वं?" तुम्ही म्हणालात. "माह्यापाशीही रडते. दर अमावास्येले आपला माग बंद, अन् ही दिवसभर रडते. पोळ्यालेही त्याच्यानंच रडली. रडून रडून थकली अन् जिच्या हाती होती तिच्यापाशी झोपली. तुह्या हाती असती त तुह्यापाशी झोपली असती."

भाऊजी खड्ड्यातून तुमच्याकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी माग सुरू केला.

मी विणकराची लेक, विणकराची सून. पोळा अमावास्येला येतो आणि अमावास्येला माग बंद असतो, हे मला जन्मापासून माहीत आहे. भाऊजी पाणी प्यायला उठले की ती रडते, हे तुम्ही मला जुलैतच लिहिलं होतं. मी त्याचा अर्थ लळा असा लावला. पोळ्याच्या दिवशी घरात काय आहे ते मी बघत होते, काय नाही ते ऐकलंच नाही.

यमुताईंना सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "मी सांगितलं ते खोटं नव्हतं गं. पण एका दिवसावरून कुणी आपली पोर देऊन टाकतं का?" कुहीसाठी त्या स्वतः शब्द टाकणार आहेत.

तुम्ही गप्प राहिला असता तर मी चांद्याला गेले असते आणि कुसू तुमची झाली असती. हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही मला बोलावलंत. आता मी तिला नेऊ का, हे तुम्हाला विचारायची माझी हिंमत होत नाही. पण विचारते.

तुमची
पुष्पलता


उमरेड, २६ फेब्रुवारी १९५५

चि. पुष्पा,

माझी आरती ओवाळू नको. मी काही देवी नाही. पोळ्यानंतर तुझं पत्र आलं तेव्हा मी शेजारीपाजारी गूळ वाटला. कशाचा ते कुणाला सांगितलं नाही. वाळे करून पायात घातले. तुला खरं कारण कळवावं असं एकदाही मनात आलं नाही, असं समजू नको. रोज यायचं. रोज मी म्हणायची, तिनं मागितलं कुठे, तिनं तर दिलं.

पण डिसेंबरचं तुझं पत्र आलं. दुसऱ्यांची लेकरं मांडीवर झोपवतेस ते वाचलं. त्या रात्रीपासून कुसू माझ्याकडे वळून झोपली की मला तिच्या तोंडाकडे बघवेना. माझी तीन गेली ती देवानं नेली. तुझी मी नेत होते.

विचारतेस काय, ने. पण लगेच नको. पी हळद अन् हो गोरी असं लेकराचं नसतं. दर पंधरवड्याला येत जा, चालत्या मागावर. तुझा वास तिच्या नाकात बसू दे. परीक्षा झाली, खोली मिळाली की मग घेऊन जा.

आणि हे शिकून घे, तुझ्या यमुताईंना हे येत नसणार. कुहीच्या खोलीत माग कुठून आणशील? यांनी सांगितलं आहे. पाट पालथा घालायचा. लाटण्यानं दोन ठोके हळू, एक जोरात, मग दम घ्यायचा. पुन्हा दोन हळू, एक जोरात. हे मागावर बसून मला शिकवत होते आणि मी पाटावर वाजवत होते. कुसू झोळीतून बघत होती. झोपली नाही, हसली. मागच्या अमावास्येला वाजवलं तेव्हा मात्र झोपली.

म्हणजे आता तिला माझ्याशिवाय चालेल.

रंभाबाई


कुही, ५ जुलै १९५५

ती. जाऊबाई,

केंद्र म्हणजे शाळेमागची एक पडवी आणि तिला लागून माझी खोली. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन बाया आल्या, त्याही "बाई, तुमच्या खोलीत काय ठोकून राहिले?" असं विचारायला. मी पाट दाखवला. त्या हसल्या, बसल्या, आणि एकीनं आपलं लेकरू मांडीवर आणून ठेवलं, "याले झोप नाही येत, पाहा जमते का." तसं माझं काम सुरू झालं. वर्षभर जे शिकले ते अजून पेटीतच आहे, पण निघेल हळूहळू. धानाची रोवणी झाली की बाया मोकळ्या होतील.

पहिल्या काही दुपारी कुसू दाराकडे बघत रडली. "माय कुठी?" म्हणायची. मी खोटं सांगितलं नाही. माय तिकडे आहे, मोठमाय तिकडे आहे, मी इथे आहे, असं सांगत ठोके देत राहिले. आता तिनं लाटणं माझ्या हातातून घेतलं आहे. स्वतःच ठोकते आणि मला म्हणते, "झोप." मला डोळे मिटावे लागतात.

लाल शिंगांचा बैल तिच्या उशाशी आहे. या वर्षीच्या पोळ्याला आम्ही तिकडे येऊ. माग बंद असेल, म्हणून पाट आणि लाटणं घेऊनच येऊ. भाऊजींना नमस्कार सांगा.

तुमची
पुष्पलता


उमरेड, २० जुलै १९५५

चि. पुष्पा, सुखात राहा. कुसूला माझा पापा.

पत्र पोचलं. ती तुलाच झोपवते हे यांना वाचून दाखवलं. खूप हसले.

काल जिवतीची अमावास्या झाली. जिवतीचा कागद भिंतीला लावला, कुसूच्या नावानं पुजला, पुरणाचा दिवा दाखवला. तुझ्या घरी लावलास की नाही कोण जाणे, म्हणून इथूनच पुजला. मैनाबाई प्रसादाला आली अन् म्हणाली, "आज तुमच्या घरून आवाज नाही आला वं?" मी म्हटलं, पोर आपल्या मायजवळ आहे.

मैनाबाई गेल्यावर दुपारी आडवी झाले. दर अमावास्येला कुसूला खांद्यावर घेऊन मागल्या दारापर्यंत फेऱ्या घालायची. पायांना तीच सवय. घर गप्प. या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. इतके महिने ती का रडायची ते काल मला कळलं.

हे ओसरीवर बसले होते. उठले, आत आले, मागाच्या खड्ड्यात उतरले. मी म्हटलं, "आज अमावास्या आहे जी." त्यांच्या बापानं, आजानं अमावास्येला कधी मागाला हात लावला नाही. हे सुताला शिवले नाहीत, धोटा खुंटीवरच राहू दिला. नुसती फणी मागे-पुढे हलवत राहिले. दोन ठोके हळू, एक जोरात.

मग मला झोप लागली.

रंभाबाई